आहेराची वही : नात्यांतील देवघेव आणि ख्रिस्ती प्रीती



पुण्याहून निघून नीरा नदी ओलांडली, की सातारा जिल्ह्याची हद्द सुरू होते आणि थोड्याच वेळात महामार्गावरील शिरवळ गाव लागते. खंडाळा तालुक्यातील या गावाच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली माणसे येथे स्थिरावली आहेत. त्यांत आपलीही काही कुटुंबे आहेत. अशाच एका कुटुंबाने घराच्या आशीर्वादासाठी आम्हांला बोलाविले होते. त्या संध्याकाळी जे घडले, त्यातून हा लेख जन्मास आला आहे. त्या पतिपत्नींच्या परवानगीने आम्ही तो प्रसंग येथे सांगत आहोत. मात्र त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रार्थना झाली, पवित्र पाण्याचे सिंचन झाले, चहा झाला. थोरल्या मुलाचे लग्न ठरले होते, त्यामुळे बोलणे साहजिकच लग्नाच्या खर्चाकडे वळले. घरच्या मालकांनी कपाटातून एक जुनी, कापडी बांधणीची वही काढली. ती आहेराची वही होती. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या लग्नात कोणी काय दिले, याची नोंद तीत ओळीने केलेली होती. कोणाचे एकशे एक रुपये, कोणाचे स्टीलचे पातेले, कोणाची साडीचोळी. काही नावांपुढे बरोबरची खूण होती. म्हणजे त्या घरचा आहेर फेडून झालेला होता. राहिलेल्या नावांवर बोट ठेवीत ते म्हणाले, “फादर, ही वही मी जपून ठेवली आहे. कुणाचं देणं मी अंगावर ठेवलेलं नाही. घरातही तसंच. पंचवीस वर्षं पाळ्यांमध्ये राबलो, पण हिला काही कमी पडू दिलं नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, “ह्यांनी काही कमी पडू दिलं नाही, हे खरं आहे फादर. पण माझी वही कुणी लिहिलीच नाही.”

त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. परतीच्या वाटेवर ते वाक्य आमच्या मनातून जाईना. प्रेमाच्या नात्यात हिशेब नसावा, असे आम्ही विवाहाच्या मिस्सेत अनेकदा सांगितले आहे. मग त्या भगिनीने वहीची मागणी केली, यात तिचे काही चुकले काय? या प्रश्नाचा विचार आज आपण समाजशास्त्राच्या आणि पवित्र शास्त्राच्या साहाय्याने करणार आहोत.

देवघेवीचा सिद्धान्त काय सांगतो?

माणसे आपापल्या नात्यांत लाभ आणि खर्च यांची तुलना करीत असतात, हा विचार समाजशास्त्रात ‘सामाजिक देवघेवीचा सिद्धान्त’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज होमन्स यांनी १९५८ साली एका निबंधात त्याची मांडणी केली. माणसामाणसांतील व्यवहार ही एक प्रकारची देवघेवच असते, असे त्यांचे म्हणणे होते. देवघेव केवळ पैशांचीच असते असे नाही. मान, मदत, वेळ, कौतुक आणि आधार हेही दिले-घेतले जातात. ज्या वागण्यातून समाधान मिळते ते माणूस पुन्हा करतो. ज्यातून केवळ झीज होते ते हळूहळू सोडून देतो.

याचे एक साधे उदाहरण होमन्स यांनी पीटर ब्लाउ यांच्या अभ्यासातून घेतले होते. एका सरकारी कचेरीत नवखे कर्मचारी अडचण आली, की वरिष्ठ साहेबाकडे न जाता शेजारच्या जाणत्या सहकाऱ्याचा सल्ला घेत. नवख्याचे काम होई. पण आपल्याला येत नाही, ही कबुली त्याला द्यावी लागे. जाणत्याचा वेळ जाई. पण त्याचा मान वाढे. दोघेही काही देत होते आणि दोघेही काही घेत होते. शिरवळच्या कोणत्याही कारखान्यात नव्या कामगाराला यंत्र शिकविणाऱ्या जुन्या कामगाराकडे पाहिले, तर हेच दृश्य दिसेल.

१९५९ साली जॉन थिबॉ आणि हॅरल्ड केली या मानसशास्त्रज्ञांनी या विचारात मोलाची भर घातली. माणूस आपल्या नात्याला दोन मापे लावतो, असे त्यांनी दाखविले. पहिले माप अपेक्षेचे: आजवरच्या अनुभवावरून मला एवढे तरी मिळावे, असे त्याला वाटते. त्याहून अधिक मिळाले तर तो समाधानी होतो, कमी मिळाले तर असमाधानी. दुसरे माप पर्यायाचे: हे नाते सोडले तर मी कोठे जाईन? माणूस सुखी आहे की नाही, हे पहिल्या मापाने कळते; तो नात्यात टिकून राहील की नाही, हे दुसऱ्या मापाने.

वाचकहो, या दोन मापांतील फरक नीट ध्यानात घ्यावा. एखादी स्त्री तीस वर्षे संसारात टिकून आहे, यावरून ती सुखी आहे असे ठरत नाही. माहेरी आधार नाही, हाताला काम नाही, नावावर घर नाही आणि समाज नावे ठेवील हे भय आहे, म्हणूनही ती टिकलेली असू शकते. आम्ही धर्मगुरू पुष्कळदा टिकलेला विवाह पाहून परमेश्वराचे आभार मानतो आणि तेथेच थांबतो. तो कशाच्या बळावर टिकला आहे, हे विचारण्याचे आमच्याकडून राहून जाते.

आपल्या मातीतील देवघेव

हा सिद्धान्त परदेशी विद्वानांनी मांडला असला, तरी त्यातील अनुभव आपल्याला नवा नाही. आपल्या शेतकऱ्यांची सावड पाहावी. एकाकडे एकच बैल, शेजाऱ्याकडेही एकच. दोघांनी बैल एकत्र जुंपून आज याचे, उद्या त्याचे रान उरकायचे. माणसांचे कामही असेच पाळीपाळीने फेडले जाई. इर्जिकीची रीत थोडी निराळी होती. एखाद्याची नांगरट अडली, की गावातील शेतकरी आपापले बैल आणि औत घेऊन त्याच्या रानात उतरत, एका दिवसात काम उरकत आणि यजमान सर्वांना जेवू घाली. मजुरी कोणी मागत नसे. पण दुसऱ्याच्या इर्जिकीला जो कधीच गेला नाही, त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोण येणार? तेथे लिखित वही नव्हती, तरी गावाच्या स्मरणात ती होतीच.

आहेराचेही तसेच आहे. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही कर्तव्ये भेटीत गुंतलेली असतात, हे त्यांनी अनेक समाजांच्या चालीरीतींवरून दाखविले. आपल्या घरातील आहेराच्या वहीतही हीच तीन कर्तव्ये नांदतात. शंभराऐवजी एकशे एक देण्याच्या आपल्या रीतीचे अनेक अर्थ सांगितले जातात. त्यांतील एक असा, की पूर्ण रकमेने व्यवहार मिटतो, तर वरचा रुपया नाते पुढे चालू ठेवतो. सामाजिक देवघेव आणि बाजारातील खरेदी यांतील भेद पीटर ब्लाउ यांनीही १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात जवळपास असाच सांगितला. बाजारात काय, किती आणि केव्हा द्यायचे हे आधी ठरते. नात्यात ते ठरलेले नसते. समोरचा कधीतरी, त्याच्या परीने फेड करील या विश्वासावर आपण देतो. तो विश्वास वाढत गेला म्हणजे नाते घट्ट होते.

तेव्हा हिशेबाची जाणीव असणे हेच मुळात पाप आहे, असे म्हणता येणार नाही. कोणी आपल्यासाठी काय केले याची आठवण ठेवणे, ही कृतज्ञतेची पहिली पायरी आहे. जो काहीच मोजत नाही, त्याला उपकाराचीही ओळख राहत नाही.

वही एकाच्याच हाती असते तेव्हा

परंतु या देवघेवीची एक काळोखी बाजूही आहे. ब्लाउ यांच्या ग्रंथाच्या नावातच देवघेवीबरोबर सत्तेचा उल्लेख आहे, आणि तो सहेतुक आहे. समजा, एकाला दुसऱ्याकडून अशी वस्तू हवी आहे, की जी त्याला अन्यत्र मिळत नाही, बळाने घेता येत नाही आणि जिच्यावाचून राहताही येत नाही. त्याच्याजवळ परतफेडीसाठी काही नसेल, तर अखेरीस त्याला आपली आज्ञाधारकता देऊन फेड करावी लागते. देवघेवीतून सत्ता जन्मास येते ती अशी.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या पुस्तकात आपल्या खेड्यांतील बलुतेपद्धतीचे तपशीलवार वर्णन केले. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग आदींनी वर्षभर गावाची कामे करायची आणि सुगीत शेतकऱ्यांनी खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. वरवर पाहता ती देवघेवच. पण कोणाला किती द्यायचे, हे देणारा ठरवीत असे. आणि घेणाऱ्याला, विशेषतः अस्पृश्य मानलेल्या जातींना, काम नाकारून अन्यत्र जाण्याची वाट नव्हती. दिवसरात्र राबावे आणि हक्काची भाकरी दारोदार मागून आणावी, असे त्यांचे जिणे होते. ज्या वतनाला हक्क म्हटले जाई, तेच पायांतील बेडी झाले होते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्यात आली.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील अनेक कुटुंबांच्या पूर्वजांनी हे जिणे सोसले आहे. “हे तर पिढीजात नाते आहे, यात हिशेब कसला?” ही भाषा त्यांनी ऐकलेली होती. हिशेब नको असे कोण म्हणतो आणि कोणाला म्हणतो, हे पाहणे का आवश्यक आहे, ते आपल्याला त्यांच्या इतिहासातून कळावयास हवे.

घरातील न लिहिलेली वही

आता पुन्हा शिरवळच्या त्या घराकडे वळू. पती खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. पत्नीचे म्हणणे खोटे होते काय? तेही नाही. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन संशोधकांनी ३७ विवाहित जोडप्यांना घरातील निरनिराळ्या कामांतील आपापला वाटा किती, हे वेगवेगळे विचारले होते. दोघांच्या उत्तरांची बेरीज केली असता, बहुतेक कामांत ती पूर्णाच्या पलीकडे गेली. कोणी जाणूनबुजून फुगवून सांगितले असे नव्हे. स्वतः घेतलेले कष्ट आपल्याला सहज आठवतात. दुसऱ्याने आपल्या नजरेआड घेतलेले कष्ट आठवत नाहीत, कारण ते आपण पाहिलेलेच नसतात. प्रामाणिक माणसाची वहीसुद्धा अपुरी असते ती या कारणाने.

तथापि, दोन्ही वह्या सारख्याच अपुऱ्या असतात असे मानून विषय संपविणे योग्य होणार नाही. भारत सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले, की घरासाठी विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे एकीकडे जवळपास पाच तास आणि दुसरीकडे दीड तासाहून थोडे अधिक. पतीच्या पाळीची नोंद कारखान्यात होते, तिचा पगार खात्यात जमा होतो. पत्नीच्या पाच तासांची नोंद कोठेच होत नाही. त्या भगिनीचे वाक्य या आकड्यांपेक्षा थोडके होते, पण अर्थ तोच होता. तिने मोबदला मागितला नव्हता. आपले कष्ट कोणी पाहिले आहेत काय, एवढेच विचारले होते.

हिशेबाचा अतिरेक मात्र लग्नाच्या बाजारात दिसतो. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी मानपान, सोने आणि ‘मुलीला हौसेने दिलेले’ अशा नावांखाली तो आजही आपल्या घरांत शिरतो. ज्या समाजात मुलीच्या बापाचे देणे पैशापर्यंत मोजले जाते आणि त्याच मुलीचे पुढील तीस वर्षांचे कष्ट मोजण्यास मात्र नकार दिला जातो, त्या समाजाला हिशेबाचा तिटकारा आहे असे कोण म्हणेल?

सिद्धान्ताची मर्यादा

मग पतिपत्नींनी रोज रात्री जमाखर्च मांडून बसावे काय? तसेही नाही. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ साली प्रयोगांच्या आधारे एक महत्त्वाचा भेद दाखविला. काही नाती देवघेवीची असतात, तर काही आपुलकीची. देवघेवीच्या नात्यात मदतीची लगेच फेड झाली, की माणसाला बरे वाटते. पण जेथे आपुलकीच्या नात्याची अपेक्षा असते, तेथे तत्काळ फेड झाली तर आवड उलट कमी होते. शेजारणीने आजारपणात डबा पाठविला आणि आपण दुसऱ्या दिवशी त्याचे पैसे नेऊन दिले, तर ती दुखावेल. आपुलकीच्या नात्यात माणूस समोरच्याची गरज पाहून देतो; त्याने मागे काय दिले होते, हे पाहून नव्हे.

याही पलीकडचे एक देणे आहे. शिरवळ हे जुन्या वाटेवरचे गाव. तेथे एक प्राचीन दगडी पाणपोई आजही पाहावयास मिळते. ती बांधणाऱ्याने कोणासाठी पाणी भरून ठेवले होते? वाटसरूसाठी, म्हणजे जो पाणी पिऊन पुढे जाणार आणि बहुधा पुन्हा कधी भेटणार नाही, त्याच्यासाठी. याच खंडाळा तालुक्यातील लोणंद येथे आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामास असते, तेव्हा गावोगावचे लोक अनोळखी वारकऱ्यांना जेवू घालतात. त्या जेवणाची नोंद कोणत्याही आहेराच्या वहीत होत नाही. आपल्या धर्मात सत्कृत्याचे पुण्य लाभते, म्हणजे तोही एक लाभच, असे कोणी देवघेवीचा अभ्यासक म्हणेल. त्याच्याशी आम्ही वाद घालणार नाही. तहानलेल्याला पेलाभर थंड पाणी देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही, असे प्रभू येशूनेही सांगितले आहे. परंतु जे परत बोलावू शकत नाहीत अशा गरिबांना, लंगड्यांना आणि आंधळ्यांना मेजवानीस बोलवा, असेही तोच प्रभू लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. ज्या देण्याची फेड माणसाकडून होणे शक्य नाही, त्यात परमेश्वराच्या देण्याची काहीशी चव असते.

संत पौलाची जमाखर्चाची भाषा

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. प्रीती अपकाराची नोंद ठेवत नाही, या अर्थाचे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील वचन आपण लग्नात वाचतो. त्या ठिकाणी संत पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द हिशेबाच्या व्यवहारातील आहे. फिलिप्पैकरांना लिहितानाही त्याने देण्याघेण्याच्या खात्याचीच भाषा वापरली आहे. तंबू शिवून पोट भरणाऱ्या या प्रेषिताला जमाखर्च चांगला कळत होता.

हा जमाखर्च सर्वांत ठळकपणे दिसतो तो फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात. ओनेसिम हा फिलेमोनाचा दास. तो मालकापासून दूर गेला होता आणि पौलाच्या सहवासात ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवितो, तेव्हा फिलेमोनाचे काही नुकसान झालेच नाही असे तो म्हणत नाही. त्याचप्रमाणे, ‘तू ते मुकाट्याने सोस’ असेही ओनेसिमाला सांगत नाही. याने तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी ते फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. आणि तू स्वतः माझे किती देणे लागतोस हे मी काढत नाही, अशी हळूच आठवणही करून देतो. यापुढे त्याला दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, ही त्याची मागणी आहे.

आमच्या मते, आपल्या प्रश्नाचे उत्तर या पत्रात आहे. प्रीती हिशेब नाकारत नाही. ती दुसऱ्याचे देणे स्वतःच्या नावावर घेते. वही मिटवायची असेल तर आधी बलवानाने स्वतःची मिटवावी. दुर्बळाची वही त्याच्या हातून काढून घेऊन ‘आता प्रेमाने राहू’ असे म्हणणे, ही प्रीती नव्हे. कापणी केलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी परमेश्वराच्या कानी ओरडत जाते, असे संत याकोबाचे पत्र बजावते. जो परमेश्वर क्षमा करण्यास सांगतो, तोच न दिलेल्या मजुरीचा हिशेबही मागतो. परमगुरुस्वामी सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ सालच्या ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात हेच शिकविले आहे: न्यायाने जे दुसऱ्याचे आहे ते आधी दिल्यावाचून, जे माझे आहे ते त्याला प्रेमाने देऊ केल्याचे मी म्हणू शकत नाही.

आणि बलवानाने स्वतःची वही का मिटवावी? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दाखला आठवावा. राजाने आपल्या चाकराला दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. म्हणजे ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपण परमेश्वराचे किती देणे लागतो आणि त्याने किती सोडले आहे, हे ज्याला उमगले, त्याचा हात दुसऱ्याच्या गळ्यावरून आपोआप सैल होतो.

एक गंभीर सूचना

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्या घरात मारहाण आहे, धमकी आहे, पैशासाठी छळ आहे, तेथे प्रश्न लाभ-खर्चाचा राहिलेला नसतो. ‘सहन कर, हाच तुझा क्रूस आहे’ असा सल्ला अशा भगिनींना कधीकाळी आम्हां धर्मगुरूंकडूनही दिला गेला आहे, हे आम्ही खेदाने मान्य करतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ वा नियम, जोडीदाराच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका निर्माण करणाऱ्यापासून विभक्त राहण्याचे न्याय्य कारण मान्य करतो. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीही २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात, काही प्रसंगी विभक्त होणे अटळ, किंबहुना नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे म्हटले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही स्त्रियांच्या पाठीशी आहे. अशा भगिनीने कायद्याचे साहाय्य घेतले, तर ती श्रद्धेत उणी पडली असे कोणी समजू नये.

आपण काय करू शकतो?

बहुतेक घरांत सुदैवाने इतकी कठीण स्थिती नसते. तेथे प्रेम असते, पण डोळे सवयीने मिटलेले असतात. अशा कुटुंबांसाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली: आठवडाभर पतीने व पत्नीने वही लिहावी, पण स्वतःची नव्हे, दुसऱ्याची. आज त्याने किंवा तिने माझ्यासाठी, मुलांसाठी, वृद्ध आईवडिलांसाठी काय केले, हे रोज रात्री लिहावे आणि रविवारी मिस्सेनंतर एकमेकांना वाचून दाखवावे.

दुसरी: घराचा खरा जमाखर्च दोघांसमोर उघडा असावा. पगार किती, कर्ज किती, घर कोणाच्या नावावर आहे, हे दोघांनाही माहीत असावे. शक्य असेल तेथे घरावर दोघांचे नाव लागावे. विवाहामुळे दोघांनाही समान कर्तव्ये व समान हक्क प्राप्त होतात, असे धर्मसंहितेचा ११३५ वा नियम सांगतो. तो केवळ विवाहपूर्व शिबिरात ऐकून सोडून देण्यासाठी नाही.

तिसरी: प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा तरी असे काही द्यावे, की ज्याची परतफेड होऊच शकणार नाही. लग्नाच्या पंगतीत ज्यांना कोणी बोलावीत नाही, अशा एखाद्या घराला मानाने बोलवावे. पाणपोई बांधणे प्रत्येकाला जमणार नाही. पण एक रांजण भरून ठेवणे जमण्यासारखे आहे.

शिरवळच्या त्या बंधूंना आम्ही यातील पहिली गोष्ट सुचविली होती. काही दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. आहेराच्या वहीची मागची पाने कोरी होती, त्यांवर त्यांनी लिहिण्यास सुरुवात केली होती. ते म्हणाले, “फादर, पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी मी सुट्टीवर घरी होतो, त्या दिवशी पान पुरलं नाही.” घर दोघांच्या नावावर करण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, याचीही चौकशी त्यांनी सुरू केली आहे. पत्नीने त्यांच्यासाठी काय लिहिले, हे आम्ही विचारले नाही. ती वही त्या दोघांची आहे.

मुलाच्या लग्नात ती जुनी वही पुन्हा उघडली जाईल, नवी नावे लिहिली जातील, पुढे फेडलीही जातील. त्यात वावगे काही नाही. पुढच्या पानांवरचा हिशेब नात्यागोत्याचा आहे आणि मागच्या पानांवरचा कृतज्ञतेचा. दोन्ही एकाच वहीत राहू शकतात. आपल्या प्रत्येक कुटुंबाला ही मागची पाने लिहिण्याची बुद्धी आणि नम्रता प्रभू देवो, हीच प्रार्थना.